चोवीस पानं, दोन हंडे : सगळ्यांना चालेल अशी चिली

मंदआच

चोवीस जणांसाठी चिली करायची आहे. चिली म्हणजे टेक्सासची, मांस आणि वाळक्या लाल मिरच्या घालून शिजवतात ती. पानांचा हिशोब असा: पंधरा मांसाहारी, त्यातले तिघे बीफ खात नाहीत. नऊ शाकाहारी. या चोवीसांत पाच लहान मुलं आहेत, त्यांना तिखट अजिबात सोसत नाही. चौघे असे की घाम फुटल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. एकीला गहू चालत नाही, एकाला दूध.

हाताशी आठ लिटरचं एक आणि सहा लिटरचं एक अशी दोन जाड बुडाची पातेली, बिडाची एक कढई आणि चार शेगड्या. आदल्या दिवशी करून ठेवलं तरी चालणार आहे.

हंडे किती करायचे, तिखट कुठे आणि केव्हा घालायचं, घेवडा घालायचा की नाही? मिळमिळीत चिली करून शेजारी तिखट सॉसची बाटली ठेवायची, हे सोडून मार्ग सांगा.

तेलसुटे

हंडे दोनच करा, वाटण मात्र एकच. मिरचीची चव आणि मिरचीचा जाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धरून चाललं की निम्मा प्रश्न सुटतो. चव, रंग आणि दाटपणा आंचो आणि ग्वाहियो या सौम्य वाळक्या मिरच्यांकडून घ्यायचा, तोही भरपूर प्रमाणात. जाळ वेगळा शिजवून पानावर द्यायचा. सौम्य चिली मिळमिळीत होते ती बहुतेक वेळा मिरची कमी घातल्यामुळे. खरं तर मिरची तेवढीच ठेवून जात बदलायला हवी.

वाटण (दोन्ही हंड्यांचं मिळून): आंचो १५० ग्रॅम, म्हणजे साधारण दहा-बारा. ग्वाहियो १०० ग्रॅम, पंधराच्या आसपास. देठ काढा, उभी चिरून बिया आणि आतल्या शिरा झटका. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर एकेक मिरची उलथन्याने दाबून प्रत्येक बाजूला वीस-पंचवीस सेकंद. मिरची मऊ पडून किंचित फुगते, मनुकांसारखा वास सुटतो, तिथेच उचलायची. काळा डाग पडला की ती मिरची बाजूला काढा. एक करपलेली मिरची सगळं वाटण कडू करते आणि तो कडूपणा पुढे कशानेही जात नाही.

मग गरम पाण्यात अर्धा तास, वर ताटली दाबून, म्हणजे तरंगणाऱ्या मिरच्याही भिजतात. भिजवणीचं पाणी चाखा. कडवट असेल तर ओतून द्या, नसेल तर वाटायला वापरा. एकूण सव्वा लिटर पाणी घालून अगदी बारीक वाटायचं आणि गाळणीतून चमच्याने दाबून गाळायचं. सालीचे कपटे राहिले तर दातांत येतात. शाकाहारी हंड्यात हेच वाटण जाणार आहे, म्हणून वाटताना मांसाचं स्टॉक घालू नका, नुसतं पाणीच घ्या. हाती साधारण तेराशे मिली वाटण येईल. आठशे मांसाच्या हंड्याला, पाचशे शाकाहारी हंड्याला.

मांसाचा हंडा (आठ लिटरचं पातेलं): बीफ असेल तर खांद्याचं, चक म्हणतात ते, अडीच किलो, दोन सेंटिमीटरचे तुकडे. शिजून त्याचं पावणेदोन ते दोन किलो होतं. कागदाने टिपून कोरडं करा, मीठ लावा आणि बिडाच्या कढईत पाच-सहा घाण्यांत परता. एका घाण्याला ४०० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. जास्त घातलं की पाणी सुटतं आणि मांस खरपूस न होता उकडतं. दोन बाजू गडद तपकिरी झाल्या की पुरे.

पातेल्यात ६०० ग्रॅम कांदा मऊ होईतो परता, पंधरा लसूण पाकळ्या, पाच चहाचे चमचे भाजून कुटलेलं जिरं, अडीच चमचे मेक्सिकन ओरेगानो. आता वाटण. हे वाटण परतणं टाळू नका: मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, सतत ढवळत, रंग विटकरीवरून गडद तांबडा होऊन कडेने तेल सुटेपर्यंत. पातेल्यावर जाळीचं झाकण धरा, वाटण फार उडतं. मग मांस, ४०० ग्रॅम टोमॅटो, सव्वा लिटर पाणी किंवा बिनमिठाचं स्टॉक. एक उकळी आली की आच कमी. मधूनमधून एखादाच बुडबुडा यावा इतकी. झाकण तिरकं ठेवून अडीच तास. खळखळ उकळलं तर मांसाचे दोरे कोरडे पडतात.

मीठ सुरुवातीला ३५ ग्रॅम, मांसाला लावलेलं धरून. बाकीचं शेवटी, रस आटल्यावर.

शेवटच्या वीस मिनिटांत चार मोठे चमचे मासा हरीना दीडशे मिली गार पाण्यात कालवून घाला. हे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ असतं. गहू नसतो आणि मक्याचा खमंगपणा येतो. साधं मक्याचं पीठ घातलं तर तो वास येत नाही आणि कणी राहते.

हिरवादेठ

वरच्या कृतीत मिरच्यांच्या निवडीवर सगळं अवलंबून आहे, म्हणून थोडं त्यावर.

आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची. चांगली आंचो हातात घेऊन दुमडली तर चामड्यासारखी वाकते. कडकन मोडली तर जुनी, त्यात वास उरलेला नसतो. उजेडासमोर धरा: आंचो गडद तांबडी दिसते, मुलातो तपकिरी दिसते. दोन्ही पोब्लानोच्याच, पण मुलातोची चव चॉकलेटकडे झुकते. नावांचा घोळही असतो: अमेरिकेत काही पाकिटांवर आंचोलाच पासिया लिहिलेलं आढळतं. खरी पासिया लांब, सडपातळ आणि सुरकुतलेली असते. आंचो रुंद, पानासारखी.

तिखटपणाचे ढोबळ आकडे, स्कोव्हिल एककात: आंचो १,००० ते २,०००. ग्वाहियो २,५०० ते ५,०००. हालापेन्यो २,५०० ते ८,०००. आर्बोल १५,००० ते ३०,०००. केयेन ३०,००० ते ५०,०००. ही मोजणी विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये बसवली. मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पट पातळ केला म्हणजे तिखट लागेनासा होतो, यावरून ती होती. पण हा आकडा जातीचा असतो. एकाच झाडाच्या दोन पोब्लानो सारख्या नसतात. म्हणून मुलांसाठी करताना प्रत्येक पाकिटातल्या तीन-चार मिरच्यांचा देठाजवळचा, शिरेलगतचा कपटा जिभेवर ठेवून बघा. एखादं पाकीट चढं निघालं तर ते मोठ्यांच्या वाटणासाठी वेगळं काढा.

आणि एक सापळा. अमेरिकन पाककृतीत चिली पावडर लिहिलेली असते ती आपलं लाल तिखट नव्हे. ती मिसळण असते: सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो, लसणाची भुकटी, बहुतेकदा मीठसुद्धा. पाव वाटी चिली पावडर वाचून पाव वाटी लाल तिखट घातलं तर हंडा कुणालाच खाता येणार नाही. उलट बाजूने, ती पावडर वापरलीत तर जिरं आणि मीठ त्या मानाने कमी करा.

मंदआच

तेलसुटे, हिरवादेठ, दोघांचेही मनापासून आभार. शिरा काढायला सांगितल्यात, पण तिखटपणा बियांत असतो ना? नुसत्या बिया झटकून भागणार नाही का?

हिरवादेठ

नाही. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बिया ज्या पांढुरक्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात आणि शिरांत तयार होतं. बियांना ते वरून लागलेलं असतं, इतकंच. बिया काढायच्या त्या कडवटपणा आणि रेवाळपणा टाळायला. शिरा काढल्या तर तिखटपणा खराखुरा उतरतो. वाळक्या मिरचीत शिर फिकट पिवळसर धाग्यासारखी दिसते, सुरीच्या पाठीने खरवडली की निघते. हातमोजे घाला. तिखट लागलंच तर आधी हाताला तेल चोळून मग साबण लावा, कारण कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच.

तर्री

तेलसुटे यांच्या पद्धतीशी एका बाबतीत मी सहमत नाही. तिखट वरून घातलं की ते वरवरच राहतं. तिखट खाणाऱ्या चौघांना ज्या चिलीत जाळ मांसाबरोबर शिजला आहे ती हवी असते. वरून घातलेल्या सॉसने आधी जीभ पोळते, मग सौम्य रस येतो, दोन्ही एकजीव होत नाहीत. त्यात बाटलीतल्या पातळ सॉसमध्ये शिरका भरपूर असतो. चार चमचे घातले की वाडगा आंबट होतो.

तेलसुटे

तर्री, शिरक्याबद्दल तुमचं अगदी बरोबर, आणि एकजीव होण्याबद्दलही. म्हणूनच फाटा काढायचा. दोन तास झाले, मांस जवळपास शिजलं की मुख्य हंड्यातून दीड लिटर चिली लहान पातेल्यात काढून घ्या. त्यात आर्बोलचं वाटण घालून उरलेला अर्धा-पाऊण तास तिथेच शिजू द्या. आठ-दहा आर्बोल, बाकीच्यांसारख्याच भाजून, भिजवून, दोन चमचे तेलात परतून. चार ते पाच वाडग्यांना पुरतं. मांस आधीच मऊ असल्यामुळे रस आत शिरतो आणि तिखट वेगळं उभं राहत नाही.

मासा हरीना घालण्याआधी फाटा काढा. घट्ट झालेल्या रसात वाटण नीट मिसळत नाही आणि लहान पातेलं बुडाला लागतं.

तर्री

हे पटलं. असं असेल तर माझा आक्षेप मागे.

धुरी

फाटा काढलात तरी पानावर दोन गोष्टी ठेवाच, कारण सौम्य आणि जहाल यांच्यामध्ये बरीच माणसं असतात.

पहिली, मध्यम. अडोबोमधल्या, म्हणजे टोमॅटो, शिरका आणि मसाल्यांच्या रसातल्या, चिपोत्ले मिरच्यांचा २०० ग्रॅमचा डबा, दीडशे ग्रॅम टोमॅटोबरोबर वाटून दोन चमचे तेलात पाच मिनिटं परतायचा. चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली पिकलेली हालापेन्यो. हिचा धूर चिलीत लगेच मिसळतो. वाडग्याला एक चहाचा चमचा घातला की फरक कळतो, तीन घातले की बहुतेकांना पुरे होतं. डब्यावरचं लेबल वाचा, अडोबोच्या रसात कधी कधी गव्हाचं पीठ असतं. गहू न चालणाऱ्या पाहुण्यांसाठी हे महत्त्वाचं.

दुसरी, जहाल तेल. आर्बोल १५ ग्रॅम (पंचवीस-तीस मिरच्या), तेल १८० मिली. तेल गरम करायचं पण धूर येऊ द्यायचा नाही. एक मिरची टाकून बघा: कडेने बारीक बुडबुडे यायला हवेत. लगेच काळी पडली तर तेल फार तापलंय. मग सगळ्या मिरच्या, वीस-तीस सेकंद, लाल रंग किंचित तपकिरीकडे झुकला की गॅस बंद आणि मिरच्या झाऱ्याने बाहेर. त्या तेलातच राहिल्या तर करपत जातात. गार झाल्यावर तेल, अर्धा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा शिरका घालून भरड वाटा. वाडग्याला पाव चमच्यापासून सुरुवात.

तेलच का? जाळ तेलात विरघळलेला असतो, त्यामुळे तो चिलीच्या तवंगात मिसळून सगळीकडे सारखा पसरतो. कोरडी पूड वरून भुरभुरली तर ती घशाला लागते.

या तेलात कच्चा लसूण घालायचा मोह होतो. घातलात तर त्याच दिवशी संपवा. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. हवा नसलेल्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात आणि वासावरून काही कळत नाही.

भिजवण

आता घेवड्याचं. टेक्सासमध्ये चिलीत घेवडा घालत नाहीत. १९७७ मध्ये चिली टेक्सासचा अधिकृत राज्यपदार्थ झाली ती त्याच रूपातली, आणि चिलीच्या मोठ्या स्पर्धांत पारंपरिक लाल चिलीत आजही घेवडा चालत नाही. इतरत्र लाखो घरांत घेवड्याशिवाय चिली होत नाही. चोवीस पानांच्या पंगतीत या वादाचा निकाल लावायची गरजच नाही: मांसाच्या हंड्यात घेवडा नको, शाकाहारी हंड्यात हवा, आणि शिजवलेला साधा घेवडा एका भांड्यात वेगळा. ज्याला हवा तो मिसळून घेईल. या वेगळ्या घेवड्याचा आणखी उपयोग असा, की एखाद्या मुलाला सौम्य चिलीही तिखट लागली तर दोन चमचे घेवडा कालवला की लगेच उतरते.

शाकाहारी हंडा (सहा लिटरचं पातेलं): सुका घेवडा ६०० ग्रॅम, निम्मा काळा, निम्मा पिंटो (तपकिरी ठिपक्यांचा). आदल्या रात्री लिटरला १५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात भिजवा. मिठामुळे सालं मऊ होतात आणि फुटत नाहीत. सकाळी पाणी ओतून ताज्या पाण्यात वेगळा शिजवा, अगदी पूर्ण मऊ. दीड किलोच्या आसपास होतो. पानावर वेगळा ठेवायचा तो यात धरलेला नाही. त्याचे २०० ग्रॅम जास्तीचे भिजवा.

टोमॅटोच्या आंबटपणात घेवडा शिजत नाही. अर्धाकच्चा घेवडा चिलीत टाकून ‘शिजेल हळूहळू’ म्हणाल तर तीन तासांनीही तो कचकच लागतो. चिलीत जाणारा घेवडा आधीच खाण्याजोगा मऊ असला पाहिजे.

लाल राजमा वापरणार असाल तर ही गोष्ट चुकवू नका. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब करू शकतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा, मग हवं ते करा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, ज्याला स्लो कुकर म्हणतात, कच्चा राजमा थेट कधीही टाकू नका. तिथे तापमान उकळीपर्यंत पोचत नाही आणि विष निष्प्रभ होत नाही. डब्यातला राजमा शिजलेला असतो, त्याला ही भीती नाही. ४२५ ग्रॅमच्या डब्यातून निथळून २५० ग्रॅम दाणे मिळतात, त्यावरून हिशोब करा.

घेवड्याशिवाय चावायला काहीतरी लागतं, नाहीतर शाकाहारी चिली लगद्यासारखी होते. ७५० ग्रॅम मश्रूम हाताने मोठे तोडून कोरड्या गरम कढईत पाणी आटेपर्यंत, मग थोडं तेल घालून कडा तपकिरी होईतो परता. निम्म्याहून कमी उरतात, पण चव तिथेच येते. ४०० ग्रॅम कांदा, दोन भोपळी मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन चमचे जिरं, दोन मोठे चमचे टोमॅटोची पेस्ट गडद होईपर्यंत परतून. मग पाचशे मिली वाटण तेल सुटेपर्यंत, ८०० ग्रॅम टोमॅटो, घेवडा, घेवडा शिजवलेलं ७०० मिली पाणी. सगळं मिळून पाऊण तास. एक डाव घेवडा पातेल्याच्या कडेला दाबून चेचा, रस आपोआप दाटतो.

या हंड्याचा डाव वेगळा, ढवळायचा चमचा वेगळा, आणि मश्रूम आधी परता, मांस नंतर. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, तो इथे चालत नाही. तयार घोटलेल्या घेवड्याच्या काही डब्यांत डुकराची चरबी असते, तेही बघा.

नऊ शाकाहारी म्हणून नऊच वाडगी धरू नका. मांस खाणारेही शाकाहारी चिली वाढून घेतातच. तेरा-चौदा वाडगी धरा. वरचं प्रमाण तेवढं आहे.

मंदआच

भिजवण, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही. बीफ न खाणाऱ्या तिघांसाठी तिसरा हंडा लावू का?

तेलसुटे

नको, तिसऱ्या हंड्याने हात अपुरे पडतील. सगळ्यांना चालणारं एकच मांस घ्या. टर्कीचं मांडीचं मांस किंवा कोंबडीच्या बिनहाडाच्या मांड्या, अडीच किलोच. अख्ख्या परता, रसात चाळीस-पन्नास मिनिटं शिजवा, बाहेर काढून काट्याने सोडवा आणि परत घाला. छातीचं मांस घेऊ नका, तेवढ्या वेळात भुशासारखं होतं. बीफपेक्षा वेळ कमी लागतो म्हणून पाणी सव्वा लिटरऐवजी पाऊण लिटर, आणि फाटा अर्ध्या तासालाच काढा. कोंबडीला स्वतःची चव कमी, तेव्हा दोन मोठे चमचे टोमॅटोची पेस्ट वाटणाबरोबर परतून घाला.

बीफच हवं असेल तर तिघांना शाकाहारी हंडा आहेच, त्यांना आधी विचारून घ्या म्हणजे झालं.

सव्वाशेर

प्रमाण वाढवताना लोक जिथे चुकतात तेवढंच लिहितो.

पाणी दुपटी-तिपटीने वाढवायचं नसतं. वाफ पृष्ठभागातून जाते. पातेलं खोल झालं म्हणून तोंड तेवढं रुंद होत नाही. आठ जणांच्या कृतीचं चोवीसांसाठी करताना बाकी सगळं तिप्पट, पाणी मात्र दुप्पट ते सव्वादोनपट. कमी पडलं तर गरम पाणी घालता येतं. जास्त झालं तर आटवता आटवता मांस तुटून जातं.

बिडाची कढई परतण्यापुरती ठेवा. टोमॅटो घालून तीन तास त्यात शिजवलं तर धातूची चव उतरते.

बुडाला लागल्याचा वास आला तर ढवळू नका, खरवडू तर मुळीच नका. गॅस बंद करा, वरचं सगळं डावाने दुसऱ्या पातेल्यात काढा, तळाचा थर तिथेच सोडून द्या. चाखून बघा, बहुतेक वेळा वाचलेलं असतं. ढवळलं की करपट चव सगळीकडे जाते. मासा हरीना घातल्यानंतर हा धोका सगळ्यात जास्त, तेव्हा ती शेवटची वीस मिनिटं पातेल्यापाशीच उभं राहावं.

मंदआच

आणि मुख्य हंडाच तिखट झाला तर? बटाटा टाकतात तसं काही?

धुरी

बटाटा थोडा रस पितो, त्यातलं तिखट काही वेचून घेत नाही. बाहेर काढला की उरलेला रस तेवढाच तिखट. साखर थोडी झाकते, पण तिसऱ्या चमच्याला चिली गोड होते आणि तिखट राहतेच. लिंबाने चव उजळते, जाळ जात नाही.

खरे उपाय दोन. एक, वाढवणं: बिनतिखटाचं शिजलेलं मांस, घेवडा, टोमॅटो घाला आणि मग जिरं, मीठ पुन्हा बसवा. चोवीसांची तिसांची होईल, पण खाता येईल. दोन, तवंग काढणं: कॅप्सेसिन तेलात असतं, त्यामुळे तिखटाचा मोठा वाटा वरच्या चरबीत जातो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की लाल चरबीचा थर घट्ट होतो, चमच्याने अलगद निघतो. टाकू नका, तिखट खाणाऱ्यांच्या फाट्यात घाला.

यावरूनच वाढपातली एक गोष्ट: न ढवळता वरून वाढलेला पहिला वाडगा सगळ्यात तिखट असतो, कारण तवंग त्यातच येतो. मुलांना वाढताना तवंग बाजूला सारून खालून वाढा.

शिवाय चाखण्यावर भरवसा ठेवू नका. तासभर तिखट चाखत राहिलेली जीभ बधिर होते आणि करणाऱ्याला सौम्य वाटतं. शेवटची चव तिखट न खाणाऱ्या माणसाला बघायला सांगा, आणि चमच्यातली चिली कोमट झाल्यावर. तोंडातल्या ज्या ग्राहीला, म्हणजे जाळ ओळखणाऱ्या मज्जातंतूवरच्या प्रथिनाला, कॅप्सेसिन चिकटतं तोच साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो, म्हणून वाफाळती चिली आहे त्याहून तिखट लागते. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्या कामात हाच ग्राही होता. मुलांचे वाडगे पाच-सात मिनिटं आधी भरून ठेवले तर तेवढ्यानेही फरक पडतो.

ओगराळे

आदल्या दिवशी करणार असाल तर थंड करण्याकडे लक्ष द्या. आठ लिटरचं भरलेलं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. उथळ ट्रेमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थर न देता पसरा. ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत उतरायला हवं. गरम करताना मधोमध ७४ अंश, आणि वाढप संपेपर्यंत ६० अंशांच्या वर. मासा हरीना आदल्या दिवशी घालू नका, दुसऱ्या दिवशी गरम झाल्यावर घाला. गरम करताना बुडाला लागण्याची भीती निम्मी होते.

मांडणी: डावीकडून शाकाहारी, मग मांसाची सौम्य, मग फाट्याचं लहान पातेलं, प्रत्येकासमोर ठळक अक्षरांत चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘तिखट’ एवढंच लिहून उपयोग नाही, ज्याचं त्याचं तिखट वेगळं. ‘आंचो, मुलांना चालेल’, ‘आर्बोल, फार तिखट’ असं लिहा. जहाल तेल सगळ्यात शेवटी, टेबलाच्या मोठ्यांच्या बाजूला, लहान चमचा घालून. मोठा चमचा ठेवला की लोक मोठा चमचा भरूनच घेतात.

सोबतीला सावर क्रीम माणशी ३० ग्रॅम, किसलेलं चेडर चीज तेवढंच, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलतं, म्हणून सावर क्रीमने जळजळ शमते आणि पाण्याने शमत नाही. दूध न चालणाऱ्यांसाठी अव्होकाडो, माणशी पाव, आणि मक्याच्या टॉर्टिया. स्निग्ध आणि पिठूळ, दोन्हींनी जळजळ उतरते. कॉर्नब्रेड ठेवणार असाल तर त्यात बहुतेक वेळा गहू आणि ताक दोन्ही असतं, त्यावर तशी चिठ्ठी लावा.

मंदआच

सगळं उतरवून घेतलं. शनिवारी सकाळी वाटण, दुपारी मश्रूम आधी आणि मांस नंतर, संध्याकाळी ट्रेमध्ये. तवंग काढून फाट्यात. फक्त एक: आदल्या दिवशी केली तर फाटा शनिवारीच काढू का रविवारी?

तेलसुटे

आर्बोलचं वाटण शनिवारी परतून ठेवा, फाटा रविवारी काढा. चरबीचा थर निघाल्यावर उरलेली चिली मुलांसाठी किती सौम्य झाली ते आधी चाखता येईल, आणि त्यावरून फाट्यात किती वाटण घालायचं ते ठरेल. गरम व्हायला लागली की दीड लिटर बाजूला, काढलेल्या चरबीतले दोन मोठे चमचे तिथे तापवून त्यात वाटण, मग चिली, मंद आचेवर चाळीस मिनिटं. थोडं पाणी हाताशी ठेवा, लहान पातेलं लवकर आटतं.